तांब्याच्या सेंटाचें मोल

गेल्या दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला होता. तो बरींच वर्षें अमेरिकेंत असतो. तेथील एका जुन्या वस्तूंच्या दुकानांतून घेतलेलें एक नाणें त्यानें आमच्या हातावर ठेविलें. तो सन १८५१ चा तांब्याचा सेंट होता. वजन तोळ्याला किंचित् कमी, आकार आपल्या हल्लींच्या दहा रुपयांच्या नाण्याएवढा. एका बाजूस स्वातंत्र्यदेवीचें मस्तक व तेरा तारे, दुसऱ्या बाजूस पानांची माळ. नाणें नव्या तांब्यासारखें लखलखत होतें; कारण आदल्याच दिवशीं त्याच्या मातोश्रींनीं देवघरांतील पळी-पंचपात्राबरोबर तेंहि चिंच लावून स्वच्छ घासलें होतें. "सर, पावणेदोनशें वर्षांचें नाणें आहे. काय किंमत येईल?" त्यानें मोठ्या उमेदीनें विचारलें. त्या वेळीं आम्ही त्याला जें सांगितलें तें त्रोटक होतें. तें विस्तारानें सांगावें म्हणून हा लेख.

नाणें जितकें जुनें तितकें तें मोलाचें, ही समजूत सार्वत्रिक आहे. पण ती खरी नाहीं. चौथ्या शतकांतील रोमन बादशहांचीं लहान ताम्रनाणीं हंडेच्या हंडे भरून जमिनींतून निघालीं आहेत. त्यांतील एखादें साधें नाणें आजहि अगदीं थोड्या पैशांत मिळतें. उलट, १९०९ सालचा एक विशिष्ट सेंट त्याच्या कित्येक पट भावानें विकला जातो. म्हणजे मोल वयांत नाहीं. तें तांब्यांतहि नाहीं, हें निराळें सांगावयास नको. मग तें कशांत आहे?

पहिलें उत्तर संख्येचें. २ एप्रिल १७९२ रोजीं अमेरिकन काँग्रेसनें टांकसाळीचा कायदा केला, फिलाडेल्फिया येथें टांकसाळ उभी राहिली आणि मार्च १७९३ मध्यें तींतून पहिले सेंट बाहेर पडले. त्यांच्या मागील बाजूस पंधरा कड्यांची सांखळी होती. पंधरा संस्थानांच्या एकीची खूण म्हणून ती घातली होती. पण स्वातंत्र्यदेवीच्या पाठीशीं सांखळी हें लोकांस अपशकुनासारखें वाटलें. टीका झाली आणि लौकरच सांखळी जाऊन पानांची माळ आली. सांखळीचे सेंट निघाले अवघे ३६,१०३. त्यांतील एक उत्तम स्थितींतील नाणें २०१२ सालीं लिलांवांत १३ लाख ८० हजार डॉलरांस गेलें. आमच्या विद्यार्थ्याच्या नाण्याचे भाऊबंद मात्र त्या एका वर्षांत ९८ लाखांवर जन्मले होते.

परंतु किती निघालीं यापेक्षां किती उरलीं, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. आणि त्याचें उत्तर बहुधा दैवाच्या हातीं असतें. टांकसाळ सेंटांसाठीं तांब्याच्या तयार चकत्या इंग्लंडांतून, बर्मिंगहॅम येथील बोल्टनच्या कारखान्यांतून, मागवीत असे. १८१२ सालीं नेमकें इंग्लंडशींच युद्ध जुंपलें. साठा पुरला तोंवर काम चाललें, आणि १८१५ सालाचा एकहि सेंट निघाला नाहीं. याच्या उलट १८१८ व १८२० या सालांचें. यादवी युद्धानंतर जॉर्जिया संस्थानांत आगगाडीच्या एका फलाटाखालीं सेंटांनीं भरलेलें एक पिंप सांपडलें, असें सांगतात. त्यामुळें त्या दोन सालांचीं कोरीं नाणीं बाजारांत सहज मिळूं लागलीं.

तथापि दुर्मिळपणा म्हणजेच मोल, असें म्हणणें हीहि अर्धीच गोष्ट झाली. ज्या वस्तूची कोणास इच्छा नाहीं, ती जगांत एकच असली तरी तिला कोण विचारतो? सेंटांविषयींची इच्छा कशी उत्पन्न झाली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्यानें हे जड मोठे सेंट बंद झाले आणि त्यांच्या जागीं लहान, फिकट रंगाचे सेंट आले. त्याच वर्षीं मे महिन्यांत जुनीं नाणीं देऊन नवीं घेण्यासाठीं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीपुढें लोकांची झुंबड उडाली. परंतु लहानपणीं ज्या नाण्यानें खाऊ घेतला तें आतां कायमचें जाणार, हें ध्यानांत येतांच कित्येकांस त्याचा लळा लागला. प्रत्येक सालाचा एक एक सेंट जमवूं, अशी ईर्षा सुरू झाली. मग १७९९ चा कोठेंच मिळेना, १८१५ चा तर नाहींच, हें कळूं लागलें. पुढल्याच वर्षीं, १८५८ सालीं, न्यूयॉर्क येथें नाण्यांच्या अभ्यासाची एक संस्था स्थापन झाली. नाणें व्यवहारांतून उठलें, तेव्हां तें संग्रहांत बसलें.

इच्छेचा दुसरा मोठा उमाळा १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांतला. त्या काळीं तेथें पुठ्ठ्याचे तक्ते विकावयास आले. त्यांत प्रत्येक सालाच्या व प्रत्येक टांकसाळीच्या लिंकन-सेंटासाठीं एक एक भोंक पाडलेलें असे. हातीं येईल त्या सुट्ट्या पैशांतून तीं भोंकें भरावयाचीं, हा घरोघरच्या मुलांचा व त्यांच्या वडिलांचाहि छंद झाला. बहुतेक भोंकें भरत. एक मात्र हटकून रिकामें राही. लिंकनच्या जन्मशताब्दीनिमित्त १९०९ सालच्या ऑगस्टांत निघालेल्या सेंटावर शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यानें आपल्या नांवाचीं आद्याक्षरें घातलीं होतीं. तीं लोकांस फार ठळक वाटलीं व थोड्याच दिवसांत काढून टाकण्यांत आलीं. तोंवर सॅन फ्रॅन्सिस्कोच्या टांकसाळींत असे ४,८४,००० सेंट पडले होते. ही संख्या लहान नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरचे असे कित्येक ठसे आहेत कीं, त्यांचीं शंभर-दीडशेंच नाणीं उरलीं आहेत, आणि तरी त्यांतील झिजलेलीं नाणीं याहून स्वस्त मिळतात. कारण तीं नाणीं मूठभर तज्ज्ञांस हवीं आहेत. हें लाखों पुठ्ठ्यांवरील रिकाम्या भोंकास हवें होतें.

तिसरी गोष्ट नाण्याच्या स्थितीची. टांकसाळींतून निघतांना तांब्याला जी लाल झांक असते ती हवेनें हळूहळू तपकिरी होते. मूळची लाली टिकली असेल तर मोल फार; शांत, एकसारखी तपकिरी कांति असेल तरीहि नाण्याचा मान राहतो. पण घासून आणलेली चकाकी पारख्याला तत्काळ ओळखूं येते आणि तो नाणें बाजूस सारतो. आपल्या घरीं ज्या चिंचेनें तांब्याला प्रतिष्ठा येते, तिनेंच तेथें ती जाते.

ही स्थिति आंकड्यांनीं मोजण्याचा यत्न विल्यम शेल्डन यानें १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत केला. शेल्डन व्यवसायानें मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या देहाची ठेवण मोजून त्यावरून त्याचा स्वभाव ठरवितां येतो, असें त्याचें मत होतें. तोच मोजण्याचा सोस त्यानें सेंटांवर चालविला. कसेंबसें ओळखूं येणाऱ्या नाण्याची प्रत १. सर्वथा निर्दोष नाण्याची ७०. प्रत्येक ठशाला एक मूळ भाव, आणि त्याला प्रतीच्या आंकड्यानें गुणलें कीं किंमत तयार. मूळ भाव एक डॉलर असला तर ३० प्रतीचें नाणें ३० डॉलरांचें. अशी ही सरळ त्रैराशिकाची मांडणी होती. पण ती फार दिवस टिकली नाहीं. उत्तम नाण्यांच्या किंमती गुणाकाराचें कुंपण तोडून भलत्याच वर गेल्या. ज्या दोन प्रतींतला फरक भिंगाखालीं कष्टानें दिसावा, त्यांच्या किंमतींत दुपटी-तिपटीचें अंतर पडूं लागलें. आज शेल्डनचे आंकडे जगभर वापरले जातात, त्याचा गुणाकार मात्र कोणी वापरीत नाहीं.

आणि खुद्द शेल्डनचें काय झालें? जॉर्ज क्लॅप या संग्राहकानें आपले सेंट १९४६ सालीं अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीस दिले होते. वर न्यूयॉर्कची म्हणून जी संस्था सांगितली ती हीच. शेल्डनची तेथें ये-जा असे. १९७७ सालीं तो वारला. पुढें जुनीं छायाचित्रें ताडून पाहतां असें उघडकीस आलें कीं, त्यानें संस्थेचीं चांगलीं नाणीं उचलून त्यांच्या जागीं त्याच ठशाचीं, पण हलक्या प्रतीचीं नाणीं ठेविलीं होतीं. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत गेलें आणि निकाल संस्थेच्या बाजूनें लागला. सेंटाबद्दल सेंट जागेवर होताच. शेल्डननें चोरला तो केवळ प्रतीतला फरक. जो फरक त्यानेंच जगाला मोजावयास शिकविला, त्याच्याच मोहास तो बळी पडला. इच्छेचें गणित मांडणाऱ्याला स्वतःच्या इच्छेचा हिशेब लागला नाहीं, हें पाहून आम्हांस त्याचा राग येतो, तशी थोडी कींवहि येते.

नोव्हेंबर १९२५ पासून नव्हे, तर नोव्हेंबर २०२५ पासून, म्हणजे अगदीं काल-परवां, अमेरिकेनें चलनासाठीं सेंट पाडणेंच थांबविलें. एक सेंट पाडावयास तीन सेंटांहून अधिक खर्च येत होता. १८५७ सालीं झालें तेंच आतांहि होईल, असें आम्हांस वाटतें. जें नाणें रस्त्यांत पडलेलें कोणी वांकून उचलीत नव्हतें, तें उद्यां पेट्यांतून जपलें जाईल. मात्र अशीं नाणीं अब्जावधि पडून आहेत. सांठा करणाऱ्यांनीं फार आशा धरूं नये.

राहतां राहिला आमच्या विद्यार्थ्याचा सेंट. बाजाराच्या हिशेबानें त्याची किंमत पूर्वीहि फारशी नव्हती, आणि घासल्यामुळें होती तीहि उतरली. हें ऐकून तो हिरमुसला. "आईला सांगूं नका," एवढेंच म्हणाला. आम्ही त्याला नाणें कागदांत गुंडाळून परत दिलें आणि पुन्हां घासूं नको म्हणून बजावलें. तांबें आपल्या गतीनें पुन्हां तपकिरी होईल. त्याला वर्षें लागतील. तोंवर तें त्याच्याजवळ राहील, आणि पारखी कांहींहि म्हणोत, त्यावरची ती चकाकी कोणाच्या हातची आहे हें त्याला ठाऊक असेल.