तळटीप : तालीम की कॉलेज

‘शिकत बसला असता तर पैलवान झाला नसता’ हा शेरा जयसिंगपूर-शिरोळ भागात आजही ऐकू येतो. पण पुराव्यापुढे तो टिकत नाही. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. तांबड्या मातीत तयार झालेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकच्या प्रवासाला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीत मिळवलेल्या कांस्यपदकामागे कॉलेज असे उभे होते.

यावर आक्षेप येतो तो खुराकाचा आणि वेळेचा. पहाटे जोर-बैठका, दुपारी सक्तीची झोप, संध्याकाळी लढती. यात तास कधी करायचे? दूध, तूप, बदाम यांचा खर्च तर जत्रेच्या मैदानातल्या इनामातूनच निघतो. गरीब घराची ही अडचण खरी आहे, तिला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. पण इनाम त्या दिवसापुरते असते, आणि गुडघा एकदा निखळला की मैदानाचे बोलावणे येत नाही. शासकीय नोकरीतले ५ टक्के क्रीडा आरक्षणही पदाची शैक्षणिक अट माफ करत नाही. पदक हाती असूनही पदवीविना मुलगा खालच्या पदावर अडकतो. कॉलेजात शिकलेले खाशाबा मात्र १९५५ साली पोलिसांत लागले ते फौजदार म्हणून.