कोल्हापूरच्या छत्रपतींची विलायतयात्रा

इतिहास पुस्तकांत वाचणें निराळें आणि तो जेथें घडला तेथें जाऊन पाहणें निराळें, हें ओळखून विद्यार्थ्यांना परदेशच्या राजधान्या दाखविण्याची पद्धत आतां नवी राहिलेली नाहीं. अशा हेतूनें मराठी मुलखांतून युरोपांत गेलेल्या आरंभींच्या प्रवाशांत कोल्हापूरचे छत्रपति राजाराममहाराज हे होते.

त्यांच्या आधीं मराठे लंडनला गेलेच नव्हते असें नाहीं. राघोबादादांचे वकील १७८१ मध्यें तेथें पोहोंचले होते. साताऱ्याचे रंगो बापूजी तर आपल्या धन्याची कैफियत घेऊन १८४० पासून १८५३ पर्यंत त्या शहरांत ठाण मांडून बसले होते. पण हे सारे गेले ते कुणाची तरी बाजू मांडावयास. राजाराममहाराज गेले ते पाहावयास आणि शिकावयास.

महाराजांचा जन्म १८५० सालचा, पाटणकर घराण्यांतला. १८६६ मध्यें ते दत्तक येऊन गादीवर बसले. जमशेटजी उनवाला ह्या पारशी शिक्षकांच्या हाताखालीं त्यांचें इंग्रजी चांगलें तयार झालें होतें. गादीवरच्या हिंदु राजानें समुद्र ओलांडावा ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. तरीहि १८७० च्या उन्हाळ्यांत, ऐन विशींत, ते निघाले. बरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते. लंडनमध्यें महाराजांनीं व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, पार्लमेंटचें कामकाज पाहिलें, आणि जें पाहिलें तें इंग्रजींत टिपून ठेवलें. आपल्याकडे बखरी पुष्कळ. राजानें स्वतः लिहिलेली प्रवासाची रोजनिशी मात्र विरळा. साम्राज्याचें वैभव दाखवून तरुण राजाला दिपवावें, असा दाखविणाऱ्यांचा हेतु असेलहि. पण मुख्य प्रधानालाहि सभागृहांत उभें राहून जाब द्यावा लागतो, हें दृश्य एका संस्थानिकाला काय शिकवून जाईल, ह्याचा विचार त्यांनीं केला नसावा.

त्या वर्षीं युरोपांत इतिहास डोळ्यांदेखत घडत होता. जुलैंत फ्रान्स आणि प्रशिया यांचें युद्ध पेटलें. सप्टेंबरांत जर्मन फौजांनीं पॅरिसला वेढा घातला आणि त्याच महिन्यांत इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें. इटलीची राजधानी तेव्हां फ्लॉरेन्स होती. १८६५ मध्यें मिळालेला हा मान आतां थोड्याच दिवसांचा सोबती होता. परतीच्या वाटेवर महाराज ह्या शहरांत आले ते आजारी अवस्थेंत. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस.

बरोबरच्या माणसांपुढें मोठा पेंच उभा राहिला. इटलींत प्रेत जाळण्याची चाल नव्हती. मिलान शहरांत आधुनिक पद्धतीचें पहिलें दहन व्हावयास १८७६ साल उजाडावें लागलें. तरीहि फ्लॉरेन्सच्या नगराधिकाऱ्यांनीं संमति दिली. शहराच्या पश्चिमेस कॅसिने नांवाचें विस्तीर्ण उपवन आहे. त्याच्या टोंकाला मुन्योने ही लहानशी नदी आर्नो नदीला मिळते. परक्या देशांत संगम सांपडला, आणि तेथें रात्रीच्या वेळीं चिता रचून हिंदु रीतीनें अंत्यसंस्कार करण्यांत आला. पंचगंगेच्या कांठचा राजा आर्नोच्या कांठीं पंचत्वांत विलीन झाला.

रोजनिशी वेस्टसाहेबांनीं संपादून १८७२ मध्यें लंडनला छापविली. १८७४ मध्यें संगमाजवळ महाराजांचा रंगीत अर्धपुतळा असलेली छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा पुढें त्यांनींच आंखला. इकडे कोल्हापुरांत १८८० मध्यें निघालेल्या कॉलेजाला राजाराममहाराजांचेंच नांव मिळालें. ज्याचें स्वतःचें शिक्षण अर्ध्यावर राहिलें त्याच्या नांवानें पुढें कैक पिढ्या शिकल्या.

फ्लॉरेन्समधील ती छत्री आजहि उभी आहे. तिच्याजवळ आर्नोवर १९७८ मध्यें मोठा पूल पुरा झाला. तेथील लोक त्याला ‘इंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाचा पूल, म्हणतात.