धूळ आणि काच

वऱ्हाडची काळी माती वाळली की उडते. कापसाच्या हंगामात अमरावती-अकोल्याकडे तिला तंतूंचीही जोड मिळते. छायाचित्रकाराची ही जुनी वैरीण. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा काचेवर कण बसला तर एकच चित्र बिघडे. पुढली काच कोरी असे. फिल्मचेही तेच. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र सेन्सर एकच. त्याच्या काचेवरला कण साऱ्या लग्नाच्या चित्रांत उमटतो. आणि अंतरपाट काही पुन्हा धरता येत नाही! 2003 साली ऑलिंपसने ई-1 मध्ये कंपनाने धूळ झटकण्याची युक्ती आणली. तरी चिकट कण उरतातच. मी कॅमेरा पालथा धरून रबरी ब्लोअरनेच वारा देतो. तोंडाने फुंकर नको. थुंकीचा थेंब धुळीहून वाईट.