मराठी विज्ञानकादंबरी आणि काळीकाठचा वाचक

ग्रंथालयाच्या शताब्दीचा हिशेब सामान्यतः ग्रंथसंख्या, सभासदसंख्या आणि वास्तूची उभारणी यांच्या आधारे मांडला जातो. वाचकांनी परस्परांत केलेली चर्चा मात्र कोणत्याच दप्तरात नोंदली जात नाही. पुस्तक परत करताना देवघेवीच्या टेबलापाशी उच्चारलेले एखादे वाक्यदेखील त्या पुस्तकाचे पुढील भवितव्य ठरवीत असते. मराठी विज्ञानकथा व विज्ञानकादंबरी यांच्या वाटचालीत वाचकाच्या या निवाड्याचे मोल विशेषत्वाने प्रत्ययास येते.

या वाङ्मयप्रकाराचे बीज बरेच जुने आहे. कोचीन येथे सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकातून १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूपांतर क्रमशः प्रसिद्ध झाले. पुढे श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा आली. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसविले. तथापि दीर्घकाळपर्यंत या लेखनाकडे मुलांची करमणूक किंवा अद्भुतरम्य चमत्कृती म्हणूनच पाहिले जात होते.

हे चित्र पालटण्यास कारण ठरलेली घटना मोठी बोलकी आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात हे लेखक म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर होते. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणे व्याख्यान चालू असता त्यांनी ही कथा लिहावयास घेतली होती. आपल्या कीर्तीचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले. अक्षरही ओळखू येऊ नये, यासाठी कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात पाठविली. पहिला कौल मिळाला तो अशा रीतीने नावाला नव्हे, कथेला. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची आवर्जून दखल घेतली. आणीबाणीच्या विरोधासाठी स्मरणात राहिलेल्या त्या संमेलनाचे हे दुसरे वाङ्मयीन महत्त्व होय.

त्यानंतर ‘यक्षांची देणगी’ हा नारळीकरांचा कथासंग्रह आणि ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या त्यांच्या कादंबऱ्या वाचकांपुढे आल्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हे दालन समृद्ध केले. अरुण साधू यांच्यासारख्या राजकीय कादंबरीकारानेही ‘विप्लवा’ लिहून या क्षेत्रात पाऊल टाकले. याबरोबरच मतभेदही उभे राहिले. एका पक्षाची कसोटी अशी, की कथेतील विज्ञान खरे अथवा निदान संभाव्य असले पाहिजे. ते काढून घेतले असता कथा कोसळली पाहिजे. दुसऱ्या पक्षाचा आग्रह असा, की विज्ञान कितीही अचूक असले तरी पात्रे कळसूत्री बाहुल्यांसारखी वावरत असतील, तर ते साहित्य नव्हे. ‘वामन परत न आला’मध्ये यंत्रमानव स्वतःसारखेच यंत्रमानव घडवू लागण्याचा धोका आहे. तेथे पहिला पक्ष तर्काची साखळी तपासतो, तर दुसरा ज्ञानाच्या लोभाने माणूस कोठवर वाहवत जातो हे पाहतो. जावडेकरांच्या ‘आकांत’ या कादंबरीला भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेची पार्श्वभूमी आहे. तेथे दोन्ही कसोट्या एकत्र येतात. कारण कल्पनेतील संकट प्रत्यक्षात घडून गेलेले असते.

याच कारणास्तव उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याचा विचार येथे अगत्याचा ठरतो. घरात कोकणी, कचेरीत कानडी आणि भजनात, वाचनात मराठी अशी या सीमाभागाची त्रिविध भाषिक घडण आहे. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. १९५१ साली अ. का. प्रियोळकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन कारवारला भरले होते. काळी नदी याच तालुक्यात दिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारपाशी समुद्रास मिळते. जलविद्युतनिर्मितीसाठी तिच्यावर सुपे येथे १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. ज्या सुपे गावाच्या नावाने हा तालुका ओळखला जाई, ते गावच जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले आणि अनेक कुटुंबांना रामनगरला नवी वस्ती करावी लागली. त्याच नदीच्या काठी, शेजारच्या कारवार तालुक्यात, कैगा अणुवीज केंद्र उभे राहिले. २००० साली तेथे व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. तेथील पहिल्या संचाने २०१८ अखेर सलग ९६२ दिवस चालण्याचा तत्कालीन जागतिक विक्रम केला.

बुडालेले नगर आणि अणुशक्तीचे केंद्र ही अन्यत्र विज्ञानकादंबरीची सामग्री. काळीकाठी ती भूगोलाचा भाग आहे. एकाच नदीने विज्ञानाचे सामर्थ्य दाखविले आणि त्याची किंमतही दाखविली. म्हणून प्रगतीची कथा वाचताना दिवा कोणाच्या घरी लागला आणि पाणी कोणाच्या घरात शिरले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार येथील वाचकास आपसूकच प्राप्त होतो. हा प्रश्न विज्ञानाच्या विरोधातील नव्हे. विज्ञानकादंबरीला साहित्याची इयत्ता प्राप्त करून देणारा प्रश्न तोच आहे.

डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. बुद्धिमान यंत्रांविषयीची जी भाकिते त्यांच्या पिढीने कथेतून मांडली, त्यांतील काही आज नित्य व्यवहारात उतरली आहेत. अशा वेळी ग्रंथालयाने विज्ञानसाहित्याच्या कपाटाशेजारी एक अभिप्रायवही ठेवावी. वाचकाने नाव लिहिलेच पाहिजे असे बंधन तिच्यात नसावे. ‘कृष्णविवर’चे मोल नाव झाकूनच ठरले होते. अशी वही भरत गेली, तर पुढील शताब्दीच्या इतिहासकारास कोणती पुस्तके नेली गेली यापलीकडे ती वाचून माणसांना काय वाटले, हेही सांगता येईल.