गिलावा, अस्तर आणि चुना

वर्गात ‘गिलावा’ हा शब्द आला की मी फारसीकडे वळतो. ‘गिल’ म्हणजे माती, चिखल. ‘अस्तर’ही फारसीच. ‘चुना’ मात्र संस्कृत ‘चूर्ण’वरून आलेला. दख्खनमधली जुनी भिंत, हवेलीची असो की वाड्याची, अशा दोन्हींकडच्या शब्दांनी लिंपलेली आहे.

औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहा, १६६० च्या सुमाराचा. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. मधला बराच भाग दगडावर चुन्याचा बारीक गिलावा. ‘गरिबांचा ताज’ म्हणून हिणवणाऱ्यांनी तो गिलावा जवळून पाहिलेला नसतो, असं माझं मत.

घरांतही तोच चुना. चुनकळी पाण्यात विरवायची, गाळायची, सफेदीत डिंक आणि चिमूटभर नीळ. रंग हवा तर पिवडी किंवा काव. गिलाव्याच्या चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो, तरी त्यात सूक्ष्म छिद्रं उरतात. भिंतीत शिरलेली पावसाची ओल त्यांतूनच बाहेर पडते.

आता ईदच्या आधी त्याच भिंतींवर ऑइल पेंट चढतो. ओल आत कोंडते, क्षार फुलतात, पोपडे निघतात. मग वर सिमेंट थापलं जातं. शेवटी घरमालक म्हणतो, “भिंतच कुजली, पाडून टाकू.” आमच्या भागातली कितीतरी घरं अशीच गेली.

सफेदी वारंवार द्यावी लागते, हे खरं. पण ज्यांचं घर अजून उभं आहे, त्यांनी रंगाऱ्याला रंगाचा भाव विचारण्याआधी एवढंच विचारावं: चुन्याचं काम येतं का?