कर्करोगाच्या वाढीत मेंदू आणि मज्जातंतूंचा काय वाटा असतो?

कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाची फाइल उघडली, तर शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ अशी एक ओळ सापडते. तिच्यापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच शेरा असतो. गाठ किती सेंटीमीटरची होती आणि मानेपर्यंत पोचली होती का, हे वाचण्याच्या घाईत नातेवाईकांची नजर या ओळीवरून सहज निसटते. तिचा अर्थ असा, की कर्करोगाच्या पेशी मज्जातंतूला वेढून किंवा त्याच्या आवरणात शिरून पुढे सरकत आहेत. तसे असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन द्यायचे का, हे ठरवताना डॉक्टर इतर गोष्टींबरोबर ही ओळही पाहतात.

मज्जातंतू म्हणजे पसरायला मिळालेली एक सोपी वाट, असेच बरीच वर्षे मानले जात होते. आता चित्र बदलले आहे. तंतू आणि गाठ यांच्यात दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण चालते. गाठ अशी प्रथिने सोडते, की जवळचे तंतू तिच्याकडे वाढू लागतात. गंमत म्हणजे मज्जातंतूंना वाढवणाऱ्या पहिल्या प्रथिनाचा शोधही गाठीमुळेच लागला. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना दिसले, की कोंबडीच्या भ्रूणात उंदराची गाठ बसवली की मज्जातंतू जोमाने वाढतात. या प्रथिनावरील कामासाठी त्यांना 1986 साली स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत नोबेल मिळाले.

आत आलेले तंतू नॉरॲड्रेनॅलिनसारखी रसायने सोडतात आणि त्यांचा फायदा गाठीला होतो. 2013 मध्ये क्लेअर मॅग्नाँ आणि पॉल फ्रेनेट यांच्या गटाने उंदरांतील प्रोस्टेटच्या कर्करोगावर प्रयोग केले. एका प्रकारचे तंतू निकामी केल्यावर गाठ सुरुवातीलाच रोखली गेली. दुसऱ्या प्रकारच्या तंतूंचे संदेश अडवल्यावर तिचे पसरणे कमी झाले. तोंडाच्या कर्करोगाबाबत 2020 मध्ये आणखी एक गोष्ट कळली. पेशींना आवर घालणारे पी-53 हे जनुक गाठीत बिघडलेले असेल, तर गाठीतून निघणारे सूक्ष्म संदेश शेजारच्या संवेदना वाहणाऱ्या तंतूंचे स्वरूपच बदलतात आणि ते नॉरॲड्रेनॅलिन सोडणाऱ्या तंतूंसारखे होतात.

मेंदूतल्या ग्लायोमा या गाठींचे प्रकरण याहून थक्क करणारे आहे. 2019 मध्ये अमेरिकेतील मिशेल मोंजे आणि जर्मनीतील फ्रँक विंकलर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की या गाठीच्या पेशी निरोगी मेंदूपेशींशी थेट जोडण्या करतात. दोन मेंदूपेशींमध्ये असतात तशाच या जोडण्या. मेंदू आपले रोजचे काम करतो आणि त्याच विद्युतसंदेशांवर गाठ पोसली जाते. म्हणून फिट्सवरची काही जुनी औषधे या गाठींवर चालतील का, हे आता तपासले जात आहे.

या विषयाजवळचा एक मोठा प्रयोग मात्र आपल्याकडेच झाला. टाटा स्मारक केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील 11 केंद्रांत स्तनाच्या कर्करोगाच्या 1,600 स्त्रियांवर ही चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेआधी 7 ते 10 मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेनची इंजेक्शने दिली गेली. दात काढताना हिरडी बधिर करायला दंतवैद्य वापरतात तेच हे औषध, अगदी स्वस्त आणि तालुक्याच्या गावीही मिळणारे. बाकी उपचार दोन्ही गटांना सारखेच होते. 5 वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 90.1 टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी 86.4 टक्के. शंभरात जवळपास चार जणींचा फरक! 2023 मध्ये हे निष्कर्ष ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाले.

लिग्नोकेन मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे बंद करते, म्हणून वेदनेचा संदेश पुढे जात नाही. तसेच दरवाजे कर्करोगाच्या पेशींवरही असतात आणि त्या पेशींना हालचाल करायला त्यांची मदत होते. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने पेशी निसटू नयेत यासाठी ते आधीच बंद करायचे, असा यामागचा विचार होता. फायदा नेमका याच वाटेने झाला, हे मात्र या चाचणीने सिद्ध झालेले नाही. शिवाय दुसऱ्या गटाला खोटे इंजेक्शन दिलेले नव्हते. त्यामुळे इतरत्र असाच निकाल यावा, ही तज्ज्ञांची अपेक्षा रास्तच आहे.

इतके वाचल्यावर ‘टेन्शनमुळेच कॅन्सर झाला’ असा अर्थ काढू नये. युरोपातील सुमारे 1,16,000 लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास 2013 मध्ये ‘बीएमजे’त आला. कामाचा ताण आणि कर्करोग होणे यांत त्याला संबंध आढळला नाही. ताणाची रसायने असलेल्या गाठीला मदत करत असतील आणि रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी ती रोखता येईल का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर छोट्या चाचण्या झाल्या आहेत, पण आयुष्य वाढते असे ठाम उत्तर अजून मिळालेले नाही. स्वतःच्या मनाने अशा गोळ्या घेणे धोक्याचे आहे. दमा असणाऱ्यांनी तर मुळीच घेऊ नयेत.

तंबाखू-चुना, मिश्री किंवा गुटख्याची सवय असलेल्याच्या तोंडात न भरणारी जखम असेल आणि त्याच बाजूचा खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर वाटत असेल, मुंग्या येत असतील, तर तिथला मज्जातंतू गाठीच्या कचाट्यात आल्याची ती खूण असू शकते. दाताचे दुखणे समजून थांबू नये, तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.