पडद्याचे किरण आणि गर्भवतींची शंका

१९८० साली कॅनडातील टोरांटो शहरात एका दैनिकाच्या जाहिरात विभागातली एक गोष्ट चर्चेचा विषय झाली. तेथील सात गर्भवतींपैकी चौघींची बाळे जन्मतः व्यंग घेऊन आली होती. या चौघीही गरोदरपणी संगणकाच्या पडद्यासमोर काम करत होत्या. कार्यालयांत पडदे तेव्हा नवेच होते. पडद्यातून निघणारे किरण तर याला कारण नसतील?

ही शंका वेडगळ नव्हती. त्या काळचा पडदा म्हणजे काचेच्या निर्वात नळीचे पुढचे टोक. मागून येणारे इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या दाबाने वेग घेत आणि पडद्याच्या आतल्या लेपावर आदळत, त्यामुळे लेप उजळे. वेगवान इलेक्ट्रॉन एकाएकी थांबले की क्ष-किरण निर्माण होतात, हे आपण वर्गात शिकवतोच. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत दूरचित्रवाणी संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण निघताना आढळले होते आणि १९६८ साली त्यावर कायदाही झाला होता.

संगणकाच्या पडद्यांची मोजमापे झाली, तेव्हा क्ष-किरण जाड काचेतच अडतात असे दिसले. मात्र इलेक्ट्रॉनचा झोत वळवणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांभोवती कमी वारंवारतेची चुंबकीय क्षेत्रे असत आणि ती काचेने अडत नसत. अणूतून इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी ऊर्जा त्यांत नसते. पण तेवढ्यावरून ती गर्भाला निर्धोक ठरत नाहीत.

इतर कार्यालयांतूनही गर्भपातांच्या तक्रारी येऊ लागल्या. येथे आम्ही शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण सहा-सातांत एक आपोआप गर्भपाताने संपते. म्हणून सात फासे एकदम टाका आणि एक ठिपका म्हणजे गर्भपात असे माना. चार किंवा अधिक फाशांवर एक ठिपका येण्याची वेळ सरासरी ५७ खेपांत एकदा येते. हजारो कार्यालयांत असे कितीतरी गट निव्वळ योगायोगाने दिसतील आणि बातमी त्यांचीच होईल. योगायोग शक्य आहे म्हणून धोका नाही, असे मात्र यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलनाच करावी लागते.

१९८८ साली कॅलिफोर्नियातील १५८३ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला वीस तासांहून अधिक वेळ पडद्यासमोर काढणाऱ्यांत गर्भपाताची शक्यता सुमारे १.८ पट दिसली. पण ही वाढ कारकुनी कामातील स्त्रियांत ठळक होती, वरच्या पदांवरील स्त्रियांत नव्हती. मग दोष पडद्याचा, की कामाच्या ताणाचा?

हा गुंता सोडवायचा तर काम सारखे आणि पडदा मात्र वेगळा असे दोन गट हवे होते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेला ते टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांत सापडले. एका गटापुढे नेहमीचे पडदे होते. दुसऱ्या गटाचे कामही बसून, फोनवर बोलण्याचेच होते, पण त्यांच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनच्या झोताची नळी नव्हती. १९९१ साली निष्कर्ष आला. गर्भपाताचे प्रमाण पडद्यासमोरच्या गटात १४.८ टक्के होते, तर दुसऱ्या गटात १५.९ टक्के. पडद्यासमोरचे तास वाढले म्हणून धोकाही वाढलेला दिसला नाही.

दरम्यान स्वीडनने १९९० साली पडद्यांच्या क्षेत्रांवर मर्यादा सुचवल्या आणि उत्पादकांनी त्याप्रमाणे पडदे बनवले. कॅनडात काही संघटनांनी गर्भवतींना दुसरे काम मागण्याचा हक्क करारात मिळवला. आजच्या सपाट पडद्यांत तर इलेक्ट्रॉनचा झोतच नसतो.

त्या स्त्रियांना नुसते 'घाबरू नका' म्हणून भागले नसते. प्रश्न नोकरीचा होता आणि पोटातल्या बाळाचाही. त्यांनी तो लावून धरला म्हणून मोजमापे झाली. नव्या उपकरणाबद्दल अशी शंका वर्गात निघाली, तर आपणही विद्यार्थ्यांना विचारू या: तुलना कोणाशी कराल?